शब्दचर्चा : ‘माहीत असतं तर आलो नसतो’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

जुने गोवे

मी गाइड आहे, पर्यटकांना चर्च दाखवतो. पोर्तुगीज आजीच्या तोंडून कानावर पडलेली, स्पॅनिश गेलं वर्षभर शिकतोय. मे महिन्यात एक स्पॅनिश काका बासिलिकेबाहेर घाम पुसत म्हणाले, ‘सी लो से, नो बेंगो.’ शब्द सगळे ओळखीचे. सी म्हणजे जर, लो म्हणजे ते, से म्हणजे मला माहीत आहे, नो बेंगो म्हणजे मी येत नाही. माणूस समोर उभा, आणि म्हणतो येत नाही! आम्हाला वर्गात शिकवलंय ते असं : ‘सी लो उबिएरा साबीदो, नो आब्रीआ बेनीदो.’ काका चुकले की आमचा वर्ग?

शिवाय उबिएरा कुठे आणि आब्रीआ कुठे, हा घोळ काही सुटत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘असतं, असतो’ लावून मोकळं होता येतं. यांना दोन वेगळी रूपं कशाला लागतात? (मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. स्पॅनिशमध्ये ‘ह’ लिहितात पण म्हणत नाहीत, आणि ‘व’चा ‘ब’ होतो.)

म्हापसा

चुकलं कोणाचंच नाही. काका बोलत होते, वर्ग लिहायला शिकवतो. स्पेनमध्ये बोलताना वैताग किंवा पश्चात्ताप व्यक्त करायला होऊन गेलेल्या गोष्टीसाठी सरळ वर्तमानकाळ वापरतात. आणि आपण तरी काय करतो? ‘माहीत असतं तर येतो कशाला इथे!’ यातला ‘येतो’ कुठल्या काळातला, सांगा बघू. आलेला माणूसच हे म्हणतो ना? तुमच्या काकांचा ‘बेंगो’ तोच. फक्त परीक्षेत लिहू नका.

आता रूपं. जी गोष्ट घडलीच नाही ती ‘सी’च्या पुढे येते, तिथे उबिएरा आणि धातूचं भूतकाळी रूप : उबिएरा साबीदो, उबिएरा कोमीदो. तू असेल तर उबिएरास, आम्ही असू तर उबिएरामोस, ते असतील तर उबिएरान. तिच्यामुळे जे घडलं असतं त्या बाजूला आब्रीआ, आब्रीआस, आब्रीआमोस, आब्रीआन. उबिएराऐवजी उबिएसे म्हटलं तरी चालतं, पुस्तकात दोन्ही भेटतील.

मराठी माणसाची सवय दोन्ही पारड्यांत एकच वजन टाकायची, म्हणून आपण हमखास ‘सी आब्रीआ साबीदो’ म्हणून बसतो. ते प्रमाण स्पॅनिशमध्ये चूक. पण उलटं चालतं! ‘सी लो उबिएरा साबीदो, नो उबिएरा बेनीदो’ हे शुद्ध धरतात, भले भले लेखक लिहितात. तेव्हा आपली सवय सुटत नसेल तर सोडू नका, फक्त दोन्हीकडे उबिएरा न्या, आब्रीआ नको. (उबिएसे मात्र पहिल्याच बाजूला बरं दिसतं.)

पणजी

‘सी आब्रीआ’ चूक खरं, पण ऐकायला मिळतं. बास्क मुलूख, नावारा, बुर्गोस या उत्तरेच्या पट्ट्यात लोक सर्रास तसं बोलतात. आणि नावारा म्हणजे आपल्या गोंयच्या सायबाचा, फ्रान्सिस झेवियरचा मुलूख. सायब स्वतः तसं बोलत होते असं मी म्हणत नाही हां! पण उद्या तिथलाच कोणी भाविक तुमच्यासमोर ‘सी आब्रीआ’ म्हणाला तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

मडगाव

मी १९६१ च्या आधी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, चार वर्षं काढलेला म्हातारा. पोर्तुगीज येणाऱ्याला स्पॅनिश सोपी जाते म्हणतात. जाते, आणि पायही तिथेच घसरतो. पोर्तुगीजमध्ये आम्ही म्हणायचो ‘से एव तिवेस साबिदु, नांव तेरिय विंदु’. तिथे मदतीला येतो ‘तेर’, म्हणजे बाळगणे. स्पॅनिशमध्ये मदतीला ‘आबेर’च हवा, उबिएरा आणि आब्रीआ ही त्याचीच रूपं. म्हणून आमच्यासारखे ‘सी तुबिएरा साबीदो’ म्हणून जातात. तुबिएरा हा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, पण त्याचा अर्थ ‘जवळ असतं तर’. ‘सी तुबिएरा दिनेरो’, पैसे असते तर. पुढे साबीदो आला की वाक्य मोडलं.

दोन वेगळी रूपं का, याचं उत्तर लॅटिनमध्ये आहे. उबिएरामधला ‘रा’ लॅटिनच्या साध्या पूर्ण भूतकाळातून आला, ‘केलं होतं’ अशा अर्थाचा. पोर्तुगीज ग्रंथांत तो अजून त्याच अर्थाने दिसतो : ‘फालारा’, बोलला होता. स्पॅनिशने तोच उचलून ‘झालं असतं तर’च्या कामाला लावला. ‘रीआ’ची गोष्ट वेगळी. मूळ धातूला ‘होतं’ चिकटवून तो झाला. कान्तार अधिक आबीआ, कान्तारीआ. गायचं होतं, ते गायलं असतं.

आणि हे आपल्याला नवं का वाटावं? कोकणीत काय म्हणतात? ‘म्हाका खबर आसली जाल्यार हांव येतलों आशिल्लों.’ येतलों हा भविष्यकाळ, त्याला आशिल्लों हा भूतकाळ जोडलेला. येणार होतो, म्हणजे आलो असतो. मराठीतून स्पॅनिशमध्ये जाऊ नका, घरातली कोकणी धरा. ‘जाल्यार’ जिथे आहे तिथे उबिएरा, ‘आशिल्लों’ जिथे आहे तिथे आब्रीआ.

जुने गोवे

आजोबा, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. देव बरें करूं.

फोंडा

माझ्या मते मराठी माणसाला खरा त्रास रूपांचा नाही, काळाचा आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी गाडी घेतली असती.’ हे वाक्य आजचं की पाच वर्षांपूर्वीचं? मराठीत दोन्ही. ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. स्पॅनिश समजून घेत नाही, आधी ठरवून या म्हणते. आज खिसा रिकामा आहे, म्हणून घेत नाही : ‘सी तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारीआ उन कोचे.’ तेव्हा नव्हते, म्हणून तेव्हा घेतली नाही : ‘सी उबिएरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ कोम्प्रादो उन कोचे.’ भाषांतर करायला बसलात की आधी मराठी वाक्यात ‘आज’ की ‘तेव्हा’ ते मनाशी घालून घ्या, मग स्पॅनिशकडे वळा. मी या एकाच गोष्टीवर सहा महिने मार्क घालवलेत.

दोन काळ मिसळतातही. ‘तेव्हा शिकलो असतो तर आज नोकरी असती’ : ‘सी उबिएरा एस्तुदिआदो, आओरा तेन्द्रीआ त्राबाखो.’ आधीचं अर्धं झालेलं, पुढचं अर्धं आजचं. आपल्याकडे दोन्हीकडे ‘असतो, असती’च.

डिचोली

शब्दचर्चा आहे म्हणून विचारते, या प्रकाराला मराठीत शब्द काय? शाळेत ‘संकेतार्थ’ शिकलो होतो, ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’. तोच ना?

आणि ‘असता’चा दुसरा उपयोगही गंमतीचा आहे. पेपरात ‘त्यांना विचारले असता ते म्हणाले’ लिहितात, तिथे खरंच विचारलेलं असतं. ‘विचारले असते तर’ म्हटलं की विचारलेलंच नाही. एका मात्रेवर आणि ‘तर’वर सगळं फिरलं!

म्हापसा

हो ताई, संकेतार्थच. पण उबिएराला एकट्याला संकेतार्थ म्हणू नये. इच्छा, शंका, भीती या ठिकाणीही ते घराणं लागतं. त्याला मराठी नाव शोधत बसण्यापेक्षा स्पॅनिश व्याकरणातलं सुबखुन्तीवो हेच नाव घ्यावं.

‘सी’ नको असेल तर आणखी एक वाट आहे : ‘दे आबेर्लो साबीदो, नो आब्रीआ बेनीदो.’ आणि मला सगळ्यांत आवडणारं, नुसतं ‘आबेर्लो दिचो!’ कोणी उशिरा तोंड उघडलं की म्हणायचं. आपलं ‘मग आधी सांगायचं की!’ अगदी तेच, तोच सूर. मागे जर नाही, पुढे तर नाही.

जुने गोवे

एवढं ऐकल्यावर स्वतः एक वाक्य जुळवलंय. पुढच्या आठवड्यात आठ जणींचा गट येतोय. त्यांना सांगायचंय, ‘तुम्ही डिसेंबरमध्ये आला असतात तर सायबाचं फेस्त पाहिलं असतंत.’ माझं वाक्य : ‘सी उबिएरान बेनीदास एन दिसिएम्ब्रे, आब्रीआन बीस्तो ला फिएस्ता.’ बरोबर का?

डिचोली

बीस्तो बरोबर आलं की! ते ‘बेर’चं, म्हणजे पाहण्याचं, नियमात न बसणारं रूप, मी नेहमी ‘बेरीदो’ म्हणायचे. पण बेनीदास का?

जुने गोवे

आठही बायका आहेत ना. त्या आल्या असत्या.

मडगाव

तिथेच मराठी आडवी आली. आपण ‘तो आला असता, ती आली असती, त्या आल्या असत्या’ असं वळवतो. आबेरच्या जोडीला आलेलं रूप वळत नाही. बाई असो, बुवा असो, आठ असोत. बेनीदो.