'एन्जॉय'पुढे 'टू' नाही, हे घोकायचं कशाला?

घंटाळीकर
लेक दहावीला, मराठी माध्यम. क्लासमधून इंग्रजी क्रियापदांचा एक कागद आणलाय. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट यांच्यापुढच्या क्रियापदाला 'आयएनजी'. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस यांच्यापुढे 'टू'. चाळीसेक शब्द पाढ्यांसारखे घोकतेय बिचारी. मी म्हणतो, अर्थ सांगा की! 'टू' म्हणजे अजून करायचंय ते, 'आयएनजी' म्हणजे चाललेलं किंवा झालेलं. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे आठवणीनं कुलूप लाव; 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे लावल्याचं आठवतंय.

ऐरोली लोकल
ऐकायला छान. मग 'पोस्टपोन'चं काय? पुढे ढकललेलं काम व्हायचंच असतं, तरी 'आयएनजी'. 'सजेस्ट'चंही तेच. उलट 'मॅनेज टू'मध्ये काम उरकलेलं असतं. तुमच्या नियमानं मुलीचे मार्क जातील. घोकू द्या.

घंटाळीकर
मग हे पाच-दहा अपवाद घोकू दे. चाळीस कशाला?

कोपरीची ताई
शिकवण्या घेते म्हणून सांगते, गोची मराठीमुळे होते. 'मला पोहायला आवडतं' आणि 'मला पोहणं आवडतं', आपल्याला दोन्ही चालतं. 'लाइक'ला इंग्रजीतही दोन्ही चालतं. म्हणून पोरं बिनदिक्कत 'एन्जॉय टू स्विम' लिहितात. तिथे पाठांतराशिवाय इलाज नाही. पण 'स्टॉप' मी मराठीतूनच शिकवते. फळ्यावर चहाची टपरी काढायची आणि विचारायचं, हा चहा प्यायला थांबला, की यानं चहा प्यायचं थांबवलं? आपण थांबणं-थांबवणं असं क्रियापदच बदलतो, इंग्रजी पुढचं शेपूट बदलतं. एकदा हसली की पोरं विसरत नाहीत.

ऐरोली लोकल
ताई, टपरी ठीक. पण मी दोन वर्षं क्लायंटला 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहीत होतो. तिथे 'मीटिंग' हवं, कारण तो 'टू' शब्दयोगी अव्यय. हे अर्थावरून कळलं असतं? पाठ असतं तर वाचलो असतो.

घंटाळीकर
अहो, घोकल्यामुळेच तर फसलात! 'टू दिसला की पुढे मूळ क्रियापद', हे कुणी पाठ करून घेतलं होतं?

ऐरोली लोकल
अर्धवट पाठ केलं, तो दोष माझा. पाठांतराचा नाही.

घंटाळीकर
बरं, लेक विचारतेय 'स्टार्ट' कुठल्या रकान्यात. म्हटलं, दोन्हीकडे चालतो. तर म्हणे, "बाबा, कागदावर एकीकडेच आहे."