लेकरांचा क्वायर: घोकून घ्यावं की खेळवत शिकवावं?

पेटीवाली, जालना
सलाम मंडळी. नाताळ तोंडावर आलाय, तेव्हा हे भांडण आताच होऊन जाऊ द्या. आमच्या चर्चमध्ये लेकरांच्या सरावाची एकच तऱ्हा. शिकवणारे दादा पेटीवर काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सा, धरतात, कडवं दहादा म्हणून घेतात, मग "मोठ्यानं!" म्हणून खेकसतात. याला मी सराव म्हणत नाही. काळी एक ही बाप्यांची पट्टी. चाल मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प ला, उतरली की आठ वर्षांच्या पोराचा आवाज तिथं पोचतच नाही. ते गुरगुरतं आणि आपण त्याला बेसूर ठरवून मोकळे. वर तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, न जाणारी चाल असेल तर काळी तीन घ्या, तेच पोर सुरात येतं.

दुसरं, सात-आठ मिनिटांपुढं एकच काम नको. मी "मुकी ओळ" खेळते. मूठ मिटली की ओळ मनात म्हणायची, उघडली की पुढचा शब्द सगळ्यांनी एकदम. लय पळाली की तिथंच कळतं, कोणाला रागवावं लागत नाही.

जुना क्वायरवाला, छावणी, संभाजीनगर
ताई, खेळायला अंगण आहे की. ही उपासना आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनातले शब्द आजच्या इंग्लिश मीडियमच्या लेकरांना जड जातात, ते घोकल्याशिवाय जिभेवर बसत नाहीत. आम्हाला असंच शिकवलं, आजही एक कडवं विसरलो नाही. मुठी उघडून-मिटून पाठांतर होत नसतं.

पेटीवाली, जालना
पाठांतर नको असं कुठं म्हटलं, दादा? टिळकांनी अभंग-ओवीची वाट धरली, ती लोकांच्या तोंडात आधीच होती. मग ती लेकरांच्या तोंडात का बसू नये? शब्द आधी केरवा तालाच्या टाळीवर नुसते बोलून घ्या. अर्थ दोन वाक्यांत सांगा. सूर नंतर. आणि एकदा हळू आवाजात म्हणून घ्या, शब्द कुठं खाल्ला जातोय ते लगेच ऐकू येतं.

गेवराईकडचा
तुम्ही दोघं शहरातले, तुमची लेकरं डिसेंबरात जाग्यावर असतात. आमची निम्मी दसरा-दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला. जानेवारीतही फडावरच. मुकी ओळ खेळायला शनिवारी येतंय कोण? मी उपाय केलाय तो सांगतो: धृपद सगळ्यांचं, कडवी फक्त जाग्यावर राहणाऱ्यांची. नाताळच्या आदल्या दिवशी एखादं लेकरू आलं तरी धृपदाला उभं राहतं. चार कडव्यांचं गाणं घेऊन बसायचं कशाला, दोन घ्या.

पेटीवाली, जालना
भाऊ, हे झकास. चोरणार.

संडेस्कूल ताई, परभणी
मी जरा वेगळं विचारते. एक पोरगं सगळ्यांच्या खाली एकाच सुरात गातं. मोठ्या क्वायरमधले म्हणतात, त्याला सांगा नुसते ओठ हलव. काय करू?

जुना क्वायरवाला, छावणी, संभाजीनगर
सांगा की. नाताळला बाहेरगावचे पाहुणे येतात, एका लेकरापायी वीस जणांची मेहनत वाया जाते. कटू वाटेल, पण खरं आहे.

पेटीवाली, जालना
अजिबात नको! "ओठ हलव" ऐकलेली माणसं साठीला आली तरी चर्चच्या मंडळीत गायला तोंड उघडत नाहीत, आपल्याच बाकांवर बघा. ताई, पोराला आपल्या सुरात ओढू नका. तो गातो तो सूर पेटीवर शोधा, बाकीच्यांना तिथं उतरवा, आणि मग सगळे मिळून एकेक पट्टी वर सरका. त्याला जमलं की पहिल्यांदा कळतं, जुळणं म्हणजे काय. ॲम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखा आवाज खालून वर न्यायला लावा, हसत हसत वरचा आवाज सापडतो. आणि गाऊन दाखवायला बाई किंवा एखादी मोठी मुलगी घ्या. बाप्याचा आवाज एक सप्तक खाली असतो, लहान लेकरं त्यालाच धरायला जातात.

जुना क्वायरवाला, छावणी, संभाजीनगर
म्हणजे मी शिकवायचं सोडू?

पेटीवाली, जालना
तसं नाही हो. तुम्ही पेटी धरा, गाऊ नका.

गेवराईकडचा
😄 आणि मोबाइलवरचा ट्रॅक? लाइट गेली की आमचा तोच आधार.

पेटीवाली, जालना
ट्रॅक लेकरांसाठी थांबत नाही. श्वास संपला तरी तो पुढंच. लाइट गेली तर पेटीला कुठं लाइट लागते?

जुना क्वायरवाला, छावणी, संभाजीनगर
हे मात्र पटलं. पण माइक लागेलच, मागच्या बाकापर्यंत ऐकू जात नाही.

पेटीवाली, जालना
माइकसमोर उभं केलं की पुढची चार ओरडतात, मागची गप्प. तुमचं चर्च दगडी, छत उंच. लेकरांना दोन पायऱ्या वर उभं करा आणि तबला हळू वाजवायला सांगा. मग बोलू माइकचं.