बेटावरच्या सोयी: सरकारचं किती, गावाचं किती?

दांडियाबाजारकर
गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाला मुंबईला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, घारापुरी बेट केलं. लेण्यांवर लिहायची माझी पात्रता नाही. लक्षात राहिला तो पायऱ्यांवरच्या एका टपरीतला फ्रीज. ताक देता देता टपरीवाल्या ताई सांगत होत्या, पूर्वी बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून लाँचमधून यायची, वर पोचेपर्यंत निम्मी उरायची. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून तिथे वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. गेटवेपासून लाँचने तासाभराचं अंतर! तोवर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर, मग अंधार. आणि समोर मुंबई लखलखतेय.

राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या, बाराशेच्या आसपास वस्ती. माझं म्हणणं असं की एवढ्याशा जागी सरकार सोय आणून देईल, पण टिकवायला गावाचा पैसा त्यात अडकलेला हवा. याचा धडा आपल्या बडोद्यातच आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डेनसाहेब या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, पण गावाला वाचनालय फुकट दिलं नाही. गावानं वर्षाला शंभर रुपये जमवले, तर शंभर सरकारचे आणि शंभर प्रांत पंचायतीचे (म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीचे). बेटांवरच्या पाण्याला, दवाखान्याला, बोटीला हाच हिशेब का लावू नये? बोला.

वाडीतली_सूनबाई
काका, वाचनालय आणि पाणी एकाच तागडीत घालताय. वाचनालय नसलं तर माणूस कादंबरीवाचून राहतो. पाणी नसलं तर?

आणि सयाजीराव सांगायचे तर पुरते सांगा. प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आधी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात, ते मोफत. जे अडल्याशिवाय राहत नाही ते राज्यानं केलं, हौसेच्या गोष्टीला वर्गणी मागितली. हा फरक त्यांना कळत होता.

मी बडोद्यातल्या वाडी भागात राहते. नळाला पाणी यावं म्हणून मी काही पंप सांभाळायला जात नाही. वेरो, म्हणजे नगरपालिकेचा कर, भरते, संपलं. बेटावरच्या माणसानं वेरोही भरायचा, वर्गणीही द्यायची आणि रविवारी श्रमदानालाही जायचं? का? समुद्र त्यानं आणून ठेवलाय?

रावपुरेकर६२
सूनबाईंशी सहमत. 'भागीदारी' हा शब्द कानावर आला की आधी खिसा चाचपावा.

बेट द्वारका घ्या, एके काळची आपल्या गायकवाडीतलीच. सुदर्शन सेतू २५ फेब्रुवारी २०२४ ला खुला झाला. साधारण ९८० कोटी लागले. बेटवासीयांकडे कोणी वर्गणी मागितली? त्याआधी रात्री अडलेली बाई सकाळच्या होडीची वाट पाहायची. पूल झाला, विषय मिटला.

दांडियाबाजारकर
रावपुरेकर, प्रत्येक बेटावर द्वारकाधीश नसतो. यात्रेकरू लोटतात तिथे ९८० कोटी निघतात. दीडदोनशे कोळ्यांच्या बेटाला कोण पूल बांधून देतंय?

पंपवाला_निवृत्त
पाणीपुरवठ्यात हयात घालवली म्हणून चार शब्द.

गावानं वाटा उचलावा ही काही काकांची नवी कल्पना नाही. दहा टक्के लोकवाटा केंद्राच्या स्वजलधारा पाणीयोजनेत होता, आपल्याकडे वास्मोनं (गुजरात सरकारची पाणी-स्वच्छता संस्था) २००२ पासून पाणी समित्या उभ्या केल्या त्यात होता, जलजीवन मिशनमध्येही आहे. डोंगराळ भागात आणि निम्म्याहून जास्त आदिवासी-दलित वस्ती असलेल्या गावात पाच टक्के. रोख द्या, वस्तू द्या नाहीतर अंगमेहनत द्या.

आता वाघोडियाकडच्या एका गावाचं ऐका. पाणी समितीची वही लाल कापडात बांधलेली, अक्षर मोत्यासारखं. घरटी महिना तीस रुपये, त्यातून ऑपरेटरचा पगार. एकदा पंपाचा स्टार्टर जळला. समितीनं दुसऱ्या दिवशी बदलला, दुपारी पाणी सुरू. सरकारी कारभारात त्याच स्टार्टरला पंधरा दिवस लागलेले मी स्वतः पाहिलेत, फाईलवर माझीही सही असायची. इथवर काका बरोबर.

पुढच्या उन्हाळ्यात बोअर आटला. नवा बोअर काय तीस-तीस रुपयांत होतो? अर्ज घेऊन गाव कचेरीत गेलं. उत्तर मिळालं, योजना तुमच्याकडे हस्तांतरित झालेली आहे, समितीनं पाहून घ्यावं. पाऊस पडेपर्यंत टँकर. वही अजून लाल कापडातच होती, त्यानंतर कोणी तीस रुपये भरले नाहीत.

म्हणून मला वर्गणीच्या रकमेत रस नाही. स्टार्टर कोणाचा आणि बोअर कोणाचा, एवढं पहिल्या दिवशी कागदावर लिहिलंय का? घारापुरीची केबल उद्या तुटली तर ते बोअरचं काम आहे. घरापर्यंतची वायर, दिवाबत्ती, नळाची गळती ही स्टार्टरची कामं.

ग्लासगोतल्या_मुलाची_आई
मुलाकडे गेले होते तेव्हा एग नावाचं बेट पाहिलं, स्कॉटलंडच्या पश्चिमेला. माणसं जेमतेम शंभर. बेट एका जमीनदाराच्या मालकीचं होतं. १९९७ मध्ये रहिवासी, तिथली हायलँड कौन्सिल आणि एक निसर्गरक्षण संस्था यांनी मिळून ट्रस्ट केला आणि पंधरा लाख पौंडांना विकत घेतलं. २००८ पासून त्यांची स्वतःची चोवीस तास वीज आहे. ओढ्यांवरची जलविद्युत, चार छोट्या पवनचक्क्या, सौर पॅनल. प्रत्येक घराला एका वेळी पाचच किलोवॅट, मग घर कोणाचंही असो. म्हणजे गीझर चालू असताना बाकी काय काय लावायचं याचा विचार करायचा. देखभालीला बेटावरचीच माणसं शिकून तयार झाली आहेत. तिथे सूनबाईंचा 'वेरो भरला, संपलं' चालत नाही, आणि कोणाची तक्रारही दिसली नाही.

वाडीतली_सूनबाई
ताई, बेट छान असेल. पण त्या पंधरा लाखांतला मोठा वाटा एका निनावी देणगीदाराचा होता आणि विजेचा बराच खर्च युरोपच्या निधीतून आला. शंभर माणसांनी गुल्लक फोडून पवनचक्क्या नाही उभारल्या. पाच किलोवॅटची शिस्त त्यांनी स्वतः ठरवली, हे मात्र आवडलं. आपल्याकडे शिस्त मुंबईहून नाहीतर गांधीनगरहून येते आणि वर्गणी तेवढी गावातून जाते.

अकोट्याचा_बेटकर
माझं नाव थट्टेनं घेतलंय, पण ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी ३७ फुटांवर गेली तेव्हा आमची सोसायटी खरंच बेट झाली होती. तीन दिवस वीज नाही. खालच्या मजल्यावरचे सगळे वर. पोरांनी ट्रकच्या ट्यूबवर पाट बांधला आणि त्यावरून दूध, इन्सुलिन आणलं. एका काकूंनी गच्चीवर चूल मांडून तीस माणसांची खिचडी केली. त्या तीन दिवसांत आम्हाला कुठलीही योजना लागू नव्हती.

नंतर पाणी ओसरल्यावर एक साहेब आले आणि म्हणाले, तुमचा लोकसहभाग फार उत्तम, पुढच्या वेळी सोसायटीनं स्वतःची होडी घेऊन ठेवा. आमच्या सेक्रेटरीनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मी सूनबाईंच्या बाजूनं आहे.

दांडियाबाजारकर
बेटकर, चहा न विचारणं बडोद्यात फार झालं हो! पण समजलं.

पंपवाल्यांचं मला पटलं, थोडं नाइलाजानं. शंभर-शंभर-शंभरचा मोह सुटत नाही, पण वाचनालयाचं छप्पर उडालं तर ते कोणी घालायचं, हे त्या तीन शंभरांत धरलेलं होतं का, हा विचार मी केला नव्हता. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन जुने अहवाल चाळतो. तिथल्या काचेच्या जमिनीवरून चालायला या वयात भीती वाटते, तरी जातो.

पुढच्या मुंबईवारीत घारापुरीच्या त्या ताईंनाही विचारणार आहे. वीज गेली तर पहिला फोन कोणाला लावता, आणि तो उचलतो का.

रावपुरेकर६२
सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.