लोककलांमधून मुलांना एथ्नोग्राफी (लोकांमध्ये राहून, बघून-ऐकून त्यांचं जगणं नोंदवणं): शिकवायची, की आणखी एक प्रोजेक्ट?

रानवाट: लोककला म्हटलं की शाळेत एकतर नाच बसवतात नाहीतर चित्र रंगवून घेतात. त्यापेक्षा दहा-बारा वर्षांच्या पोरांना टोपली विणणाऱ्यासमोर तासभर गप्प बसवा की. वहीत डाव्या पानावर दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर आपल्याला वाटलं ते. ‘टोपली सुंदर आहे’ हे उजवीकडे जातं एवढं कळलं तरी मोठं काम झालं.

खडूस: अहो, मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ मध्ये दोन खेपांत न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला, भाषा शिकला, आणि तुम्ही ते एका तासिकेत उरकणार?

रानवाट: त्याच मॅलिनोव्स्कीची खासगी डायरी त्याच्या मागे १९६७ ला छापली गेली, त्यात तिथल्या लोकांवरचा वैताग भरभरून आहे. म्हणजे इतकं राहूनही उजवं पान सुटत नाही, मग लवकर सवय लावलेली बरी ना? आणि अमेरिकेत जॉर्जियाच्या डोंगराळ भागात १९६६ पासून शाळेतली पोरं म्हाताऱ्यांना भेटून गोधड्या, लाकडी घरं, औषधी झाडपाला हे सगळं विचारून ‘फॉक्सफायर’ मासिक काढत आली.

खडूस: ती हायस्कूलची पोरं होती, दहा वर्षांची नव्हे.

सुईदोरा: मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझी आई भरतकाम करते, तिच्याकडे एका शाळेची मुलं आली, हातात छापील प्रश्न, प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘तुम्हाला ही कला का आवडते?’. आई म्हणाली, आवडायचं काय त्यात, पोट भरतं. तर बाई मुलांना म्हणाल्या ‘परंपरा जपण्यासाठी’ असं लिहा!! फोटो काढले ते परत कधी दिसले नाहीत. युनेस्कोच्या कला-परंपरांचा वारसा जपण्याच्या २००३ च्या करारात ज्यांची कला त्यांचा सहभाग हवा म्हणतात, इथे साधं विचारलंसुद्धा नाही.

रानवाट: ताई, हे वाचून लाज वाटली. छापील प्रश्न बंदच करायला हवेत, ‘हे पहिल्यांदा कधी केलंत, तेव्हा शेजारी कोण होतं’ असं विचारलं तर माणूस आपोआप बोलतो. आणि लिहिलेलं आईंना वाचून दाखवल्याशिवाय जमाच करायचं नाही, त्या म्हणतील ते खोडायचं.

खडूस: हे मात्र पटलं. पण आई म्हणाली ‘परंपरा खोडा, पोट लिहा’, तर बाई मार्क देणार का?

सुईदोरा: आईला विचारलं आत्ता. म्हणते, मार्क मीच देते, वही पाठवा 😄