खात्यातून पैसे गेले किंवा अडकले, तर नेमकं काय करायचं? सांगली-साताऱ्याचा अनुभव धागा

भाजीवाल्यापासून मार्केट यार्डातल्या अडतीपर्यंत क्यूआर लटकतोय, पण पैसे अडकले की सगळे भांबावतात. जाणकारांनी लिहावं. रडगाणी नकोत, नियम आणि पायऱ्या हव्यात.

मिरज, निवृत्त शाखाधिकारी
परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर कोणाचं किती नुकसान, यावरचं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक धरून बोला. सहकारी बँकांसाठी तेच १४ डिसेंबर २०१७ ला आलं. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच ठिकाणी गळती झाली, आणि बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. मेसेजचा दिवस धरत नाहीत. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी मेसेज आला तर मोजणी सोमवारपासून, म्हणजे बुधवारपर्यंत मुदत. ४ ते ७ दिवस लावले तर साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपयांचा भुर्दंड, मूलभूत (शून्य शिलकीच्या) बचत खात्याला ५,०००. त्यापुढे बँकेचं धोरण.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी, निकाल ९० दिवसांत. चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचं बँकेने. काउंटरवर नेमकं उलटं ऐकवतात!

इस्लामपूर, मोबाइल दुकान
ओटीपी स्वतः दिला असेल तर?

मिरज, निवृत्त शाखाधिकारी
मग कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी खातं ब्लॉक, वाद नंतर. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवून. पैसे ठगाच्या खात्यात पडून असेपर्यंतच त्यांवर होल्ड लागतो, म्हणजे ते गोठवता येतात.

कराड, किराणा
'माझे कापले, तुम्हाला आले नाहीत' हे रोजचंच. दुकानाचं यूपीआय अडकलं तर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं, माणसाला पाठवलेलं दुसऱ्या दिवशी. एटीएमने नोटा न देता कापले तरी ५ दिवस. पुढे रोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता (२० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक). 'पेंडिंग' दिसत असताना पुन्हा स्कॅन करू नका, दोन्ही वेळचे कापले जाऊ शकतात. बँकेत स्क्रीनशॉटपेक्षा व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक कामाला येतो.

तासगाव, बेदाणा अडत
एनईएफटी-आरटीजीएस नावावर नाही, खाते क्रमांकावर जातं. एक आकडा चुकला तर पैसे परक्याच्या खात्यात, आणि त्याच्या संमतीशिवाय बँक ते काढून देत नाही. यूटीआर (त्या व्यवहाराचा क्रमांक) लिहून आपल्याच बँकेत अर्ज द्या. सौद्याचे पैसे नव्या पार्टीला पाठवताना आधी खातेदाराचं नाव तपासा. एप्रिल २०२५ पासून ती सोय आहे. आमच्याकडे वहीतला जुना क्रमांक बघून पाठवायची खोड मोठी.

विटा, लेखापाल
बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. मात्र पतसंस्थेतलं खातं तिथे चालत नाही. त्यासाठी तालुक्याचं सहकारी संस्थांचं सहाय्यक निबंधक कार्यालय, आणि तिथे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच.