जुनी गाडी घ्यायची आहे : घराच्या घाटीचा चढ, आप्पांचा गुडघा, आणि मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

नमस्कार,

आम्हाला एक जुनी चारचाकी घ्यायची आहे. ती मॅन्युअल गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक, यावर घरात गेला महिनाभर बोलणे चालू आहे आणि निर्णय होत नाही. या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतेक शहरातल्या रहदारीला धरून लिहिलेले असते. आमची अडचण रहदारीची नाही, चढाची आहे. आणि गाडी मुख्यतः चालवणार आहेत माझे वडील. त्यांच्या डाव्या गुडघ्याची झीज झाली आहे. म्हणून परिस्थिती जरा सविस्तर मांडते.

आम्ही गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या एका वाडीत राहतो. मी शाळेत शिकवते, आई-आप्पा माझ्याजवळ असतात आणि धाकटा भाऊ पुण्याला आहे. आप्पा ७१ वर्षांचे आहेत आणि ३० वर्षे त्यांनी याच तालुक्याच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी चालवली. आधीची गाडी खाऱ्या हवेने खालून गंजत गेली आणि गेल्या वर्षी ती काढून टाकावी लागली. त्यांच्या परवान्याचे नूतनीकरण झालेले आहे, नजर चांगली आहे, उजव्या पायाची काही तक्रार नाही. डॉक्टरांना मुद्दाम विचारले तेव्हा त्यांनी गाडी चालवण्यास हरकत घेतली नाही. मात्र डाव्या पायाने सारखा क्लच दाबणे टाळा, असे बजावले.

महिन्यातून दोनदा आईला चिपळूणला दाखवायला न्यावे लागते. शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर करत जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर होतात. आठवड्याचा बाजार शृंगारतळीला, मावशीकडे दापोलीला जायचे झाले तर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, आणि वर्षातून दोन वेळा कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे पुणे, एवढाच आमचा वापर. वर्षाचे ७-८ हजार किलोमीटर धरा. गाडी मीही चालवते, पण पावसात आणि घाटात माझा हात अजून तितका बसलेला नाही.

खरी परीक्षा घराच्या दारातच आहे. आमचे अंगण रस्त्यापासून बरेच खाली आहे. मधली घाटी जेमतेम ८० पावलांची, पण चांगलीच उभी. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या दगडांचा गडगा आणि मध्ये गाडीपुरती वाट. मध्यावर फणसाजवळ एक वळण आहे, आणि वर पोहोचल्यावर रस्त्याला मिळण्याआधी थांबावेच लागते, कारण गडग्यामुळे उजवीकडून येणारी एसटी दिसत नाही. म्हणजे गाडीचे तोंड वर, मागची चाके उतारावर, अशा स्थितीत पूर्ण थांबून पुन्हा निघायचे. पावसाळ्यात त्या चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ते घासून काढावे लागते. मॅन्युअल गाडीत आप्पा इथे हँडब्रेक ओढतात, पहिला गिअर टाकून क्लच अर्ध्यावर आणतात, इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचलले की मगच हँडब्रेक सोडतात. हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. पण क्लच अर्ध्यावर धरलेल्या त्या चार-पाच सेकंदांत आता त्यांचा गुडघा थरथरतो. शेजारी बसून मी ते पाहिले आहे. ते काही बोलत नाहीत. गाडी रस्त्याला लागली की डावा हात गुडघ्यावर ठेवतात.

सुरुवातीला मला ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार वाटत होता. चौकशी केल्यावर कळले की नाव एक असले तरी आतले यंत्र वेगवेगळे असते, आणि आमच्या घाटीवर हा फरक महत्त्वाचा ठरतो. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकुमाने एक यंत्रणा करते. आपल्याकडे ही पद्धत २०१४ साली सेलेरिओ गाडीतून आली आणि पुढे इतर गाड्यांत पसरली, त्यामुळे जुन्या बाजारात आज परवडणारी म्हणून जी ऑटोमॅटिक दाखवतात ती पुष्कळदा एएमटीच असते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजीन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचा दुवा असतो, म्हणून ‘डी’ मध्ये (पुढे चालवायच्या स्थितीत) असताना ब्रेकवरून पाय काढला की गाडी आपसूक पुढे सरकू पाहते आणि मध्यम चढावर निदान मागे तरी फारशी येत नाही. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो. चालायला ती सर्वांत मऊ, पण तिचे खास तेल वेळेवर बदललेले नसेल तर पुढचा खर्च मोठा. दोन क्लचांच्या गाड्या आमच्या ऐपतीबाहेर आहेत, म्हणून त्यांचा विचार सोडला.

आमची मर्यादा ४.५ लाखांची आहे आणि समोर तीन गाड्या आहेत. कंपन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न गिअरबॉक्सच्या प्रकाराचा आहे. पहिली, सहकारी शिक्षकांची २०१८ ची पेट्रोल मॅन्युअल. पहिल्याच मालकाची, सगळी बिले जपून ठेवलेली. दुसरी, चिपळूणची २०१९ ची एएमटी, ३८ हजार किलोमीटर चाललेली. तिसरी, पुण्यातली २०१७ ची सीव्हीटी, ५५ हजार चाललेली. ती भावाने पाहिली आहे, आम्ही नाही.

एएमटीची ट्रायल आम्ही आमच्याच घाटीवर घेतली. वर गडग्याजवळ आप्पांनी ब्रेक लावला, एसटी जाऊ दिली, आणि उजवा पाय ब्रेकवरून अॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी दोन हात मागे गेली. आप्पांनी लगेच हँडब्रेक ओढला म्हणून बरे. मागच्या सीटवर आई होती आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. नव्या पुष्कळ गाड्यांत असे होऊ नये म्हणून हिल होल्डची सोय असते, जी पाय उचलल्यावरही दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवते. या गाडीत ती नाही. सपाट रस्त्यावर मात्र आप्पा खूश होते. गिअर बदलताना गाडी किंचित डुलते, पण त्याच वेळी अॅक्सिलरेटर जरा सैल केला की ते जाणवत नाही, हे त्यांनी स्वतःच दहा मिनिटांत शोधून काढले.

शृंगारतळीच्या आमच्या मेस्त्रींचे मत स्पष्टपणे मॅन्युअलच्या बाजूचे आहे आणि त्यांची कारणे मला पटतात. मॅन्युअलची क्लच प्लेट ते स्वतः एका दिवसात बदलून देतात. एएमटीची प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून यंत्रणेला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते, आणि तो स्कॅनर त्यांच्याकडे नाही; म्हणजे चिपळूण गाठणे आले. दुसरे असे की आमची गाडी पावसात आठ-आठ दिवस उभी राहते आणि बॅटरी उतरते. मॅन्युअल ढकलून सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही. बहुतेक एएमटी गाड्यांना ‘पी’ (उभी गाडी जागीच अडकवून ठेवणारा पार्किंगचा पर्याय) नसतो, म्हणून चढावर ती गिअरमध्येच ठेवून बंद करायची असते. पण त्या अवस्थेत बॅटरी पूर्ण उतरली तर तिला न्यूट्रलला आणणेही अवघड होते. सीव्हीटी रस्त्यात बंद पडली तर पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेता येत नाही, ती उचलूनच न्यावी लागते. रात्री रामपूरच्या पुढे अशी वेळ आली तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न बरोबर आहे.

तरीही मी मॅन्युअलच्या विरुद्ध आहे, आणि हे मोकळेपणाने सांगते. मॅन्युअल घेतली तर दुरुस्ती सोपी होईल, पण आप्पा गाडी चालवणे हळूहळू सोडून देतील. गेल्या वर्षभरात त्यांचे बाजाराला जाणे, मित्रांकडे जाणे सगळे थांबले आहे, आणि ते ज्या तऱ्हेने पडवीत बसून राहतात ते मला पाहवत नाही. त्यांना गाडी हवी आहे ती कोणीतरी न्यायला-आणायला नको म्हणून.

म्हणून माझे प्रश्न असे. हिल होल्ड नसलेल्या एएमटीवर अशा उभ्या घाटीत रोज चढ-उतार करणारे कोकणातले कोणी असतील तर त्यांची क्लच प्लेट किती टिकली? फेरीबोटीच्या लोखंडी उतारावर, कर्मचारी हाताने थांबा म्हणतात तिथे थांबून पुन्हा पुढे घेताना, आपण काय करता? कुंभार्लीसारखा घाट उतरताना एएमटी ‘एम’ मध्ये, म्हणजे गिअर आपणच निवडायच्या पद्धतीत, टाकून दुसऱ्या गिअरवर धरता येते हे कळले; सीव्हीटीत ‘एल’ किंवा ‘एस’ वर (इंजिनाचे फेरे वाढते ठेवणाऱ्या जागांवर) ठेवल्यास इंजिनाचा तेवढाच आधार मिळतो का, की सगळा भार ब्रेकवर येतो? आणि ५५ हजार चाललेल्या सीव्हीटीत नेमके काय तपासावे?

आणखी एक शंका आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. चिपळूणची गाडी म्हटल्यावर ही भीती मनात येतेच, आणि ऑटोमॅटिकमध्ये विजेची यंत्रणा अधिक असल्याने ती दुप्पट येते. मालक गाडी पुरात नव्हती असे सांगतात. खात्री कशी करावी?

तीन दिवसांनी भर घालते आहे.

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने उत्तरे दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. हँडब्रेकची जुनी पद्धत एएमटीवरही वापरून पाहा, ही सूचना आम्ही तिघांनीही मनावर घेतली आणि रविवारी मालकांच्या परवानगीने गाडी पुन्हा घाटीवर आणली. वर थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा, ब्रेक सोडायचा, ‘डी’ मध्ये अॅक्सिलरेटर हलका द्यायचा, गाडी पुढे झेपावू पाहते आहे असे जाणवले की हँडब्रेक खाली. पहिल्याच खेपेला गाडी बोटभरही मागे आली नाही. आप्पांचा डावा पाय सगळा वेळ मोकळा होता. त्यांना ही रीत शिकवावी लागली नाही, कारण आयुष्यभर ते हेच करत आले आहेत, फक्त यात क्लच नाही. मात्र लागोपाठ पाचव्या खेपेला काहीसा करपट वास आला आणि आम्ही थांबलो. सलग पाच वेळा कोणी चढत नाही हे खरे, तरी तो वास माझ्या मनातून जात नाही.

पुराबाबत सांगितलेल्या खुणाही पाहिल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला, टोकाला चिखलाचा डाग नाही. स्टेपनीखालचा खळगा, सीटखालचे रूळ, डॅशबोर्डखालच्या वायरी कोरड्या आणि गंजमुक्त आहेत. मालकांनी २०२१ पासूनची विम्याची कागदपत्रे दाखवली, त्यात दावा घेतलेला नाही. ती भीती आता बरीच कमी झाली आहे.

मॅन्युअलचा विचार आम्ही सोडला आहे. सहकाऱ्यांना तसे कळवलेही. आता एएमटी आणि सीव्हीटी अशा दोनच गाड्या उरल्या आहेत. शनिवारी भाऊ पुण्यातली सीव्हीटी पुन्हा पाहायला जाणार आहे. तिच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची एकही नोंद सापडत नाही, आणि विकणारे म्हणतात की त्याची गरज नसते. आम्हाला हे पटत नाही. तेल काढून त्याचा रंग आणि वास पाहून काही ठरवता येते का, की अशी नोंद नसलेली सीव्हीटी सरळ सोडून द्यावी, एवढे कोणी अनुभवाने सांगितले तर शनिवारच्या आत भावाला कळवता येईल. चिपळूणचे मालक रविवारपर्यंत थांबायला तयार आहेत.