अडीच पिक्सेल रुंदीची शेती: उपग्रहाच्या नकाशावर किती विसंबायचं?

दिवेघाट_रविवार

नमस्कार मंडळी. राहतो कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, शेती सासवडच्या पलीकडे. रविवारी दिवे घाट चढतो, बाकी सहा दिवस शेत फोनमध्ये बघतो. वाटणीनंतर आमच्याकडे सव्वादोन एकर आलं, म्हणजे ९० गुंठे. पण जमीन चौकोनी नाही. जेमतेम २५ मीटर रुंद आणि साधारण ३६० मीटर लांब अशी पट्टी. पूर्वेकडच्या अर्ध्यात अंजीर, पश्चिमेकडे सीताफळ ५ बाय ५ वर.

ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून गेल्या वर्षी पैसे भरून एक ॲप घेतलं. दर पाच दिवसांनी शेताचा रंगीत नकाशा येतो. जानेवारीपासून सीताफळाचा भाग लालभडक, आणि खाली सूचना: ‘पीक ताणाखाली, त्वरित पाणी द्या.’ बहारासाठी, म्हणजे फुलं एकदम यावीत म्हणून, बाबांनी मुद्दाम पाणी तोडलं होतं. त्यांना दाखवलं तर म्हणाले, “ताण मीच दिलाय, त्याला कुणी विचारलं?”

ते सोडून दिलं. पण या महिन्यात अंजिराचा उत्तरेकडचा कडेचा भाग ओळीने तीन वेळा लाल आला. ठिबक चोंदलं असणार म्हणून बुधवारी अर्धी रजा टाकून गेलो, एकेक ड्रीपर तपासला. सगळे व्यवस्थित, झाडं टवटवीत, फळं लागलेली. उलट सप्टेंबरात अख्खी पट्टी गडद हिरवी, ‘उत्तम वाढ’. तेव्हा खुरपणीला माणसं मिळाली नव्हती आणि बागेत गुडघाभर तण होतं!

सेन्सर वाईट, ॲप वाईट की मला बघता येत नाही? पुढच्या महिन्यात परत पैसे भरायचेत, म्हणून विचारतोय.

बांधावरचा

आमच्याकडे ऊस, तिथे वेगळीच गंमत. ऑगस्टनंतर नकाशा सगळा एकसारखा हिरवागार. हुमणी (मुळं खाणारी अळी) लागलेला भागही हिरवाच. मी दुसऱ्या वर्षी पैसे भरले नाहीत.

जुनी_नकाशेवाली

सेन्सरला बोल लावू नका, तो बिचारा फक्त उजेड मोजतो. दर पाच दिवसांनी म्हणताय त्यावरून तुमचं ॲप बहुधा सेंटिनेल-२ ची चित्रं वापरतंय. युरोपचे उपग्रह, चित्रं सगळ्यांना फुकट. सकाळी अकराच्या सुमारास आपल्यावरून जातात. एकूण १३ बँड, म्हणजे उजेडाचे वेगवेगळे पट्टे. त्यातले निळा, हिरवा, लाल आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त असे चार १० मीटरचे, म्हणजे चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर.

आता पुणे जिल्ह्यातल्या माणसाला हे मीटरात सांगण्यात अर्थ नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. मीटरात त्याची बाजू होते १०.०६. म्हणजे सेंटिनेलचा एक पिक्सेल आणि आपला एक गुंठा जवळजवळ सारखेच! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. आमच्या काळातला भारताचा आयआरएस-१ए उपग्रह १९८८ साली गेला, त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा पिक्सेल ७२.५ मीटरचा, म्हणजे बावन्न गुंठ्यांना मिळून एक ठिपका. तुमची पट्टी त्यात शोधूनही सापडली नसती. अमेरिकेचा लँडसॅट आजही ३० मीटरचा, नऊ गुंठ्यांना एकच रंग. नासाच्या मोडिस सेन्सरचे सगळ्यात बारीक बँडसुद्धा २५० मीटरचे, पंधरा एकरांना एक आकडा. तालुक्याचा दुष्काळ बघायला ते छान, तुमच्या बागेला नाही.

तर तुमची पट्टी रुंदीला अडीच पिक्सेल. पिक्सेलांची चौकट तुमचा बांध बघून आखलेली नसते. दोन्ही कडांचे पिक्सेल अर्धे तुमचे, अर्धे शेजाऱ्याचे. चित्र जमिनीवर बसवताना थोडं इकडेतिकडे होतं ते वेगळंच. निखळ तुमची अशी मधली एक ओळ उरते, नशीब असेल तर दोन. पट्टी नकाशावर तिरकी असेल तर तेवढ्याही नाहीत. त्यात ॲपवाले चौकोन दाखवतच नाहीत, कडा पुसून रंग तुपासारखे पसरवतात. मग वाटतं, झाडन्‌झाड दिसतंय.

अंजिराच्या कडेचा लाल भाग? उत्तरेच्या बांधापलीकडे काय आहे ते आधी सांगा.

आता ताण. एनडीव्हीआय हा हिरवाईचा आकडा: अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. पानातलं हरितद्रव्य लाल उजेड पितं, पानाच्या आतली पोकळ रचना अवरक्त परत फेकते. त्यामुळे पानं भरपूर तर आकडा मोठा, नसतील तर लहान. त्याला एवढंच कळतं. सीताफळ थंडीत पानं गाळतं, वर तुम्ही पाणी तोडलेलं, म्हणजे उपग्रहाला दिसणार माती. तुमची ५ बाय ५ ची लागवड, एका पिक्सेलात चार झाडं आणि मधे मोकळी जागा. पावसाळ्यात त्याच मोकळ्या जागेत गवत माजतं, तेही हिरवंच. सप्टेंबरात तण, फेब्रुवारीत ताण, आणि ॲपने दोन्हीकडे गोंधळ घातला. त्याला बहार कुठला धरलाय हे कुणी सांगितलेलं नाही. विचारायची सोय तरी ठेवायला हवी होती, पैसे घेतात तर.

बांधावरचे, उसाचं म्हणाल तर पानांचे थरावर थर झाले की लाल उजेड जवळपास सगळाच शोषला जातो आणि आकडा वर जायचा थांबतो. ०.८ च्या आसपास जाऊन बसतो. तिथे लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे बँड कामाला येतात. पाण्यासाठी लघुतरंग अवरक्त. पण हे सगळे २० मीटरचे, म्हणजे चार गुंठ्यांना एक पिक्सेल. तुमच्या मोठ्या फडाला चालतील. रविवारवाल्यांच्या पट्टीत तसला निखळ पिक्सेल एकही बसेल असं वाटत नाही.

पैसे मी भरले नसते. कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे सेंटिनेलची चित्रं बघायचं संकेतस्थळ, फुकट आहे. आधी साध्या रंगातलं चित्र उघडून ढग आणि ढगाची सावली बघायची, मग एनडीव्हीआय. मधल्या ओळीतले पिक्सेल धरा, आणि आकडा चांगला की वाईट ते न बघता मागच्या वर्षी याच आठवड्यात किती होता ते बघा.

बांधावरचा

आणि पावसाळ्यात? जून ते सप्टेंबर ढगच ढग.

जुनी_नकाशेवाली

तेव्हा रडार, ढग त्याला अडवत नाहीत. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरची, पानांवरून आणि वरच्या ओल्या मातीवरून परतते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहामध्ये २४ सेंटिमीटरची लहरही आहे, ती पानांतून आत फांद्यांपर्यंत जाते. पण रडारच्या चित्रात तीळ सांडल्यासारखे ठिपके असतात, ते घालवायला आजूबाजूच्या बऱ्याच पिक्सेलांची सरासरी काढावी लागते. फडाला ठीक. अडीच पिक्सेलांच्या पट्टीत सरासरी कशाची काढणार?

टेकडीकर

मागच्या वर्षांशी तुलना करताना एक खड्डा सांभाळा, मी त्यात पडलोय. एमएस्सीच्या प्रकल्पाला वेताळ टेकडीचा आलेख काढला होता. जानेवारी २०२२ च्या शेवटी हिरवाई एकदम घसरलेली. मी प्रकरणाला नावसुद्धा देऊन टाकलं होतं, ‘टेकडीचा ऱ्हास’. मॅडम म्हणाल्या, आधी शेजारचा विद्यापीठाचा परिसर बघ. तोही त्याच तारखेला घसरलेला! मग कॅन्टोन्मेंटचा भाग काढला, तोही.

झालं असं की २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवून द्यायला लागले. ते वजा न करता सूत्र वापरलं की गणित बिघडतं. अवरक्त ३००० आणि लाल १००० असेल तर उत्तर ०.५. तेच ४००० आणि २००० धरले तर ०.३३. झाड एकही तुटलेलं नाही. गूगलच्या अर्थ इंजिनवर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला तर ते आधीच वजा केलेलं असतं. माझं प्रकरण गेलं ते गेलंच.

दिवेघाट_रविवार

ताई, बाबांना फोन केला. उत्तरेच्या बांधापलीकडे चुलत्यांचा वाटाणा होता. गेल्या महिनाअखेरीला तोडणी संपली आणि त्यांनी लगेच नांगर घातला. म्हणजे मी अर्धी रजा टाकून चुलत्यांच्या नांगरटीवर पाळत ठेवायला गेलो होतो.

काल रात्री ब्राउझरवर चौकोन मोजले. पट्टी थोडी तिरकीच आहे. अंजिरात निखळ आमचे म्हणावेत असे १४ पिक्सेल निघाले, सीताफळात ११. मागच्या फेब्रुवारीशी ताडून बघितलं, अंजिराचा आकडा किंचित वरच आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “ते मला झाडाकडे बघून कळतं, तू रविवारी येताना डबे घेऊन ये.”

जुनी_नकाशेवाली

२५ पिक्सेल म्हणजे वाईट नाही. अंजिराचे डबे औंधावरून जाणार असतील तर कळवा.